अकराव्या रांगेतली खिडकी

स्वतः विमानात बसण्याच्या तीन वर्षं आधीपासून मी भिवंडीतल्या लोकांना विमानात कुठे बसावं हे सांगत होते. यात फसवाफसवी नव्हती. एस.टी. स्टँडच्या मागे एका गाळ्यात तिकिटांचं दुकान होतं आणि कॉलेज संपल्या संपल्या मी तिथे नोकरीला लागले होते. एक टेबल, एक कॉम्प्युटर, गरगर आवाज करणारा एक पंखा, आणि भिंतीवर विमानाचं मोठं पोस्टर. उन्हाने त्या विमानाचा रंग उडून ते फरसाणासारखं पिवळं झालं होतं. शेठ दुपारी जेवायला घरी जायचे ते एकदम संध्याकाळच्या चहाला उगवायचे. म्हणजे दुपारभर दुकान माझंच.

स्वस्त विमानांचे दिवस नुकतेच सुरू झाले होते. त्याआधी आमच्याकडे आखातात कामाला जाणाऱ्यांचीच तिकिटं निघायची. आता यंत्रमाग चालवणारे लूमवाले गावाकडच्या लग्नांना विमानाने जायला लागले, गोडाऊनला जमिनी दिलेले आमचे आगरी लोक देवदर्शनाला विमानाने निघाले. पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस तिकिटाचा कागद हातात घेतला की दोन गोष्टी हमखास विचारायचा. जेवण देतात का, आणि खिडकी मिळेल का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं होतं. त्यामुळे दुसऱ्याचं तरी जरा चांगलं द्यावं असं मला वाटायचं.

एकदा एका गिऱ्हाइकाला मी सहज म्हटलं, “खिडकी मिळेल, पण कोणत्या बाजूची हवी?”

तो बिचारा गोंधळला. “चांगली कोणती?”

मला काय माहीत? मी म्हटलं, “डावी.”

चार दिवसांनी तो माणूस पेढे घेऊन आला. डावीकडे त्याला अख्खी नदी दिसली होती, तिच्या वळणांसकट. तो पुढे दोन जणांना घेऊन आला आणि म्हणाला, या ताईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक आहे.

झालं. त्या दिवसापासून मी एक वही सुरू केली. कोणी प्रवास करून परत आलं की मी त्याला स्टुलावर बसवायची आणि चौकशी करायची. कोणत्या बाजूला बसलात? काय दिसलं? पंख आडवा आला का? लोक खुशीने सांगायचे, कारण घरी त्यांचं हे कोणी ऐकून घेत नसे. ‘गोवा, जाताना उजवी, समुद्र.’ ‘गोवा, येताना डावी, तोच समुद्र.’ ‘हैदराबाद, दोन्हीकडे ढग.’ ‘दिल्ली, सकाळची, उजवीकडे ऊन, डोकं दुखतं.’ अशा नोंदी करत करत मी शंभर पानी वही अर्धी भरली.

माझे सगळ्यात पक्के बातमीदार होते एक लूमवाले चाचा. वय साठीच्या पुढे, पांढरीशुभ्र दाढी, शांतीनगरला त्यांचे लूम. बनारसकडे त्यांचे इतके नातेवाईक होते की महिन्याला एक तरी लग्न निघायचं. परत आले की ते चहा मागवून अहवाल द्यायचे. एकदा म्हणाले, “बेटी, लिख लो. ग्यारह नंबर की लाइन. सबसे अच्छी. पंखे से आगे है, शोर नहीं. और धूप? बिलकुल नहीं आती. इतना सुकून मिला कि क्या बताऊँ.”

मी वहीत लिहिलं, ‘अकरावी रांग, सर्वोत्तम,’ आणि खाली दोन रेघा मारल्या.

ही कीर्ती आमच्या घरापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आमचं घर काल्हेरला. शेत होतं तिथे आता गोडाऊन उभं होतं, त्यामुळे बाबांना सकाळपासून काही काम नसे. ज्या माणसाने उभा जन्म पहाटे उठून बांधावर काढला त्याला एकाएकी रिकामा वेळ मिळाला की तो घरातल्यांना कामाला लावतो. बाबांनी आधी नळ बदलले, मग दारं बदलली, मग काही दिवस आईला भाकरी कशी थापावी हे सांगून पाहिलं. तेवढ्यात नागपूरला दिलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला मुलगी झाली आणि बारशाला आम्ही तिघांनी विमानाने जायचं ठरलं.

त्या संध्याकाळी मी घरात पाऊल टाकताच बाबा म्हणाले, “काय गो, तू सगल्या दुनियेला खिडक्या वाटतंस. मना एक सांग. आपला घर कंच्या खिडकीतशी दिसंल?”

मी चप्पल काढता काढता थांबले. ताजमहाल कुठून दिसेल, हिमालय कुठून दिसेल असं लोकांनी विचारलं होतं. काल्हेर कुठून दिसेल असं कोणी विचारलं नव्हतं.

“बघावं लागेल,” मी म्हटलं.

“मी बगतो,” बाबा म्हणाले, आणि त्यांना काम मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे गच्चीवर खाट टाकून उताणे पडायला लागले. नागपूरचं विमान साधारण किती वाजता सुटतं ते मी सांगितलं होतं. सुटल्यावर पाच-दहा मिनिटांत ते आमच्या आभाळात यायला हवं असा त्यांचा हिशेब. अडचण एकच होती. त्या सुमाराला आभाळात चार-पाच विमानं यायची आणि नागपूरचं कोणतं हे विमानावर लिहिलेलं नसायचं. बाबांनी त्यातलं त्यांना आवडलं ते निवडलं. ते वज्रेश्वरीच्या बाजूने जायचं. मी खाली चहाचा कप हातात घेते न घेते तोच गच्चीवरून आरोळी यायची.

“गेला! आता गेला! वज्रेश्वरीच्या अंगानं गेला!”

“बाबा, मग आपलं घर उजवीकडे येईल की डावीकडे?”

इथे घोटाळा व्हायचा. उताण्या पडलेल्या माणसाचा उजवा हात आणि विमानाचा उजवा पंख यांचं जुळता जुळेना. तिसऱ्या दिवशी बाबांनी यावर उपाय काढला. दोन्ही हात पसरून ते स्वतःच विमान झाले आणि गच्चीच्या एका कोपऱ्यातून निघून वज्रेश्वरीच्या अंगाने चालत दुसऱ्या कोपऱ्यात पोचले. आई जिन्यात सुकटाची टोपली घेऊन उभी होती. तिने पाहिलं आणि तशीच खाली आली. शेजारच्या गोडाऊनमधले हमाल पोती खाली ठेवून बघायला लागले.

“उजवा!” बाबा वरून ओरडले. “उजवा हात आपल्या घराकडं!”

हमालांनी टाळ्या वाजवल्या.

बाजू ठरली. रांग माझ्या वहीत होतीच. पण बाबांना आता दुसरी शंका आली. आमच्या घराच्या चारी बाजूंना गोडाऊनचे पत्रे, सगळे निळे. त्यात आपली गच्ची ओळखायची कशी? आई म्हणाली, “लाल चादर टाका.” बाबांना चादर फारच लहान वाटली. मी हे दुकानात चाचांना हसत हसत सांगितलं, तर चाचा अजिबात हसले नाहीत. त्यांना तो धंद्यातला प्रश्न वाटला. दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून त्यांनी कापडाचा एक ताका पाठवून दिला. कुठल्याशा डाईंगवाल्याने रंग बिघडवलेला, भडक राणी रंगाचा. इतका भडक, की उघडल्यावर आमच्या मांजराने घर सोडलं आणि दोन दिवस आलं नाही.

“यो चंद्रावरशी पन दिसंल,” बाबा म्हणाले.

ताका अंथरायचं काम काकांकडे आलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बाजूच्याच घरात राहणारे. बाबांनी त्यांना कोपऱ्याकोपऱ्यावर किती विटा ठेवायच्या, विमान आल्यावर कुठे उभं राहायचं, हात कसा हलवायचा हे सगळं तीनदा समजावलं. काकांनी एकदाच विचारलं, “मी हात हलवला त तुना दिसंल काय?”

“न दिसू दे. तू हलव.”

जायच्या दिवशी आम्ही अंधारातच निघालो. आईच्या पिशवीत नातीसाठी सोन्याचे मणी आणि लेकीसाठी दोन किलो सुके बोंबील होते. नागपूरला बोंबील मिळत नाहीत म्हणून माझी बहीण बाळंतपणातसुद्धा रडली होती. बोंबील वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक टॉवेलमध्ये, टॉवेल पिशवीत. तरी विमानतळावर रांगेत आमच्यापुढे आणि मागे आपोआप मोकळी जागा झाली.

काउंटरवरच्या मुलीपाशी मी पोचले. तीन वर्षांची विद्या पणाला लागली होती. “अकरावी रांग,” मी म्हटलं. “उजवीकडची. तिन्ही एकत्र. खिडकी पाहिजेच.”

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. “अकराच पाहिजे? नक्की?”

“नक्की,” मी म्हटलं. लोकांना वाटतं आपल्याला काही कळत नाही, असं मनात आलं.

विमानात शिरलो. खिडकीशी बाबा, मध्ये मी, कडेला आई, असं आधीच ठरलं होतं. आईने बसल्या बसल्या पट्टा आवळला, डोळे मिटले आणि वज्रेश्वरीचं नाव घ्यायला सुरुवात केली. बाबा शर्टाची बाही सावरून आत सरकले, बसले, उजवीकडे वळले आणि तसेच राहिले.

मला त्यांच्या मानेची मागची बाजू दिसत होती. ती बराच वेळ हलली नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“खिडकी कुठं हाय?”

मी पुढे वाकून पाहिलं. बाबांच्या शेजारी भिंत होती. पांढरी, गुळगुळीत, स्वच्छ भिंत. पुढच्या रांगेला खिडकी होती, मागच्या रांगेला खिडकी होती. मधे आमच्या रांगेला फक्त भिंत. बाबांनी तळहाताने ती चाचपून पाहिली, वर होते का, बाजूला सरकते का. मग बोटाने ठक ठक वाजवली.

आणि मला एकदम चाचा आठवले. धूप बिलकुल नहीं आती. इतना सुकून मिला. भिंतीतून ऊन यायचं कुठून? चाचा झोपायला जागा शोधत होते आणि मी बघायला. त्या वहीच्या जोरावर मी भिवंडीतल्या किती माणसांना अकराव्या रांगेत बसवलं होतं ते मी बोटांवर मोजायला लागले. त्यातला एकही माणूस तक्रार घेऊन आला नव्हता. बहुतेक सगळ्यांना वाटलं असेल की विमान असंच असतं.

“गो, तुझ्या वहीत काय लिवलंय ह्याचा?” बाबांनी विचारलं.

“सर्वोत्तम,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

मी हवाई सुंदरीला बोलावलं. जागा बदलून द्या म्हटलं. ती म्हणाली, विमान भरलेलं आहे, आता उड्डाण होईल, पट्टा बांधा. विमान धावायला लागलं. बाबा भिंतीकडे तोंड करून शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे बसले. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा आईने माझ्या मनगटात नखं रुतवली, आणि माझी आयुष्यातली पहिली विमानझेप मी त्या नखांकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघत घेतली.

पुढच्या रांगेतल्या खिडकीशी एक जाडसर गृहस्थ बसले होते. त्यांनी खिडकीची झडप खाली ओढली होती आणि मान मागे टाकली होती. बाबांना ते बघवेना. ज्याला खिडकी आहे त्याने ती झाकून झोपावं, याच्याएवढा अन्याय त्यांनी गोडाऊनच्या व्यवहारातसुद्धा पाहिला नव्हता. पण गृहस्थांना झोप लागत नव्हती. ते सारखे नाक वर करून हुंगत होते. शेवटी वळून म्हणाले, “काय वास येऊन राहिला हो हा? विमानाचं काही जळून तर नाही राहिलं?”

“बोंबील,” आई डोळे मिटूनच म्हणाली. “आमचं हायेत.”

गृहस्थ आता पुरते जागे झाले होते. बाबांनी संधी साधली. पट्टा बांधलेला ठेवून जितकं पुढे होता येईल तितकं होत त्यांनी दोन सीटांच्या फटीत तोंड घातलं आणि आपला सगळा मामला सांगितला. घर, वज्रेश्वरीच्या अंगाने जाणारं विमान, उजवा हात, निळे पत्रे, राणी रंगाचा ताका, गच्चीवर उभे असलेले काका. गृहस्थांनी तोंड उघडं ठेवून सगळं ऐकलं.

“अरे बाप्पा! मग आधी नाही का सांगायचं,” ते म्हणाले आणि त्यांनी खटकन झडप वर केली. “सांगा भाऊ, काय काय पाहू?”

“आधी खाडी बगा. खाडी दिसली काय?”

“थांबा जरा. हो, पाणी आहे.”

“मग पूल. मग निलं पत्रं. मग गुलाबी!”

बाबांचं अर्धं तोंड फटीत, गृहस्थांचं नाक काचेला. आजूबाजूचे चार-पाच जण आता माना उंचावून ऐकत होते. एक बाई कोणाला तरी म्हणाली, “यांचं गुलाबी घर आहे खाली.” विमान जरा कलंडलं. मला मधल्या सीटवरून फक्त गृहस्थांच्या कानाचा लाल झालेला पाळा दिसत होता. बाबांचा श्वास बहुतेक त्याच कानात जात होता.

“दिसला काय? दिसला काय?”

पाळा आणखी लाल झाला. मग गृहस्थ एकदम ओरडले, “हे पाहा! गुलाबी! दिसलं न!”

“कुठं? किती मोठा?”

“अरे चांगलं मोठं आहे भाऊ! गेलं, गेलं, मागं गेलं.”

बाबा फटीतून मागे आले. डोळ्यांत पाणी होतं. सीटला टेकून बसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “दिसला आपला घर.” मग भिंतीकडे तोंड करून शांत झोपी गेले. चाचा म्हणाले होते ते खरंच होतं. त्या जागेवर झोप छान लागते.

नागपूरला उतरलो. सामानाच्या पट्ट्याशी उभं राहून मी काकांना मोबाईल लावला. म्हटलं, अभिनंदन करावं. पलीकडे काका धापा टाकत होते.

“अगो, काय सांगू तुना. सहा वाजता अंथरला. विटा ठेवल्या. साडेसहाला असा वारा सुटला का विटांसकट उठला! गेला तो रस्त्यावर, एका ट्रेलरच्या काचेवर. ड्रायव्हरला काय दिसंना. मी लुंगीवर धावत गेलो. चार ठिकानी हॉर्न, सगली लाइन थांबली. त्या ड्रायव्हरनं काय केला, कापड काढला, आपल्या केबिनला फेट्यासारका गुंडालला आनि गेला निघून अंजूरफाट्याकडं. मी ओरडत रायलो.”

“म्हणजे आमचं विमान आलं तेव्हा गच्चीवर काही नव्हतं?”

“मी व्हतो ना. हात हलवला.”

मी फोन ठेवून वळले तर ते गृहस्थ माझ्यामागेच उभे होते. त्यांना काकांचा आवाज माझ्याइतकाच स्पष्ट ऐकू गेला होता, कारण काका मोबाईलवर नेहमी खाडीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलत. त्यांनी आधी बाबा कुठे आहेत ते पाहिलं. बाबा लांब ट्रॉली आणायला गेले होते.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “मले काहीच नाही दिसलं. सुरुवातीले थोडं पाणी दिसलं, मग सगळे ढग. पण तुमचे बाबा असे माझ्या कानाजवळ श्वास घेऊन राहिले होते. नाही म्हणवलंच नाही मले.”

मला हसावं की त्यांच्या पाया पडावं कळेना. तेवढ्यात बाबा आले, त्यांनी गृहस्थांना मिठी मारली, आणि काल्हेरला यायचं आमंत्रण दिलं. पिशवीतून चार बोंबील काढून देऊ लागले. गृहस्थ म्हणाले ते माळकरी आहेत, आणि जवळजवळ पळतच निघून गेले.

बारशाचे चार दिवस बाबा व्याह्यांच्या घरात याला त्याला धरून सांगत होते, “वरशी आपला घर लय मोठा दिसतं.”

“तुम्ही स्वतः पाहिलं?” व्याही विचारायचे.

“मी न्हाय. पन एका चांगल्या मानसानं बगला.”

मी गप्प राहिले. बहीण बोंबलाचं कालवण ओरपत होती, नाव ठेवून झालं होतं, बाबा खुशीत होते. कशाला बोला?

परत येताना मी काउंटरवर एकच गोष्ट मागितली. “खिडकीची जागा द्या, पण तिला खिडकी असू दे.” तिथला मुलगा हसला. त्याने सतराव्या रांगेत उजवीकडे जागा दिली. बाबांनी या वेळी पाय पसरायला कडेची सीट घेतली. त्यांचं काम झालं होतं. मी मध्ये बसले, आणि उरलेल्या जागेवर, म्हणजे खिडकीशी, आईला ढकललं. तिने नेहमीप्रमाणे डोळे मिटले.

दुपारची वेळ, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. विमान खाली यायला लागलं तेव्हा कान दुखून आईने डोळे उघडले, आणि चुकून बाहेर पाहिलं. ती किंचाळेल असं मला वाटलं. पण ती हळूहळू पुढे वाकली. तिने कपाळ काचेला टेकवलं.

“यो बग,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान मुलीसारखा.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. खाली दूरवर खाडीचं करडं पाणी वळसा घेत गेलं होतं. कडेला खाजणाचा काळा चिखल, मध्येच मिठासारखं काहीतरी चमकणारं, आणि त्यावर सुतासारखा बारीक पूल. त्यापुढे निळ्या पत्र्यांचा नुसता ढीग. मला त्यातलं काहीही ओळखता येईना. तीन वर्षं लोकांना खिडक्या वाटणारी मी, स्वतःचं गाव बघताना आंधळी.

“पुलाच्या अल्याड तो बांध. तितं आमी चिंबोऱ्या धरायचो,” आई म्हणाली. “बांधाच्या टोकाला उंबर व्हता. तो काय आता न्हाय. पन बांध हाय. तो माझा माहेर.”

आई कशेळीची. आमच्या घरापासून माहेर इतकं जवळ, की तिथे जायला तिला कधी खास कारणच मिळालं नाही, आणि म्हणून ती फारशी गेलीही नाही. तिने एका नजरेत बोट ठेवलं होतं. विमानाने वळण घेतलं तशी तीही मान वळवत राहिली, मागे, अजून मागे, शेवटी तिची पाठच माझ्याकडे झाली. बाबा कडेला घोरत होते. मी त्यांना उठवायला हात केला, तर आईने माझा हात धरला.

“राव दे,” ती म्हणाली. “त्यांचा बगून झाला.”

आम्हाला न्यायला काका टेम्पो घेऊन आले होते. पुढे काका आणि बाबा, मागच्या सीटवर आई आणि मी. ठाणं सुटेपर्यंत काकांनी कसंबसं धरून ठेवलं, मग बोलून टाकलं. विटा, वारा, ट्रेलर, फेटा, सगळं. मी डोळे मिटून घेतले. आता काय होतंय ते बघायची माझी हिंमत नव्हती.

 पूल आला तेव्हा बाबांनी घसा खाकरला.

“मंजे कापड नव्हताच?”

“नव्हता.”

“तरी त्याला दिसला?”

काकांनी गिअर बदलला. मी डोळे उघडले नाहीत.

“मंजे आपला घर कापडाशिवाय पन दिसतं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी समाधानाने खिडकीवर हात टेकला.

मी मोठा श्वास सोडला. तेवढ्यात आई मागून म्हणाली, “थांबवा जरा. मना दादाकडं जायाचा.”

“आत्ता? कशाला?” बाबांनी मागे वळून विचारलं.

“त्याच्या छपराचा पत्रा सरकलाय. मी वरशी बगला.”

 मी शेजारीच बसले होते, मला त्या उंचीवरून घर सोडाच, गावसुद्धा नीट दिसलं नव्हतं. पत्रा कुठून दिसणार? बाबा तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिले.

“आनि आपला घर? तो तर बाजूलाच हाय! तो बगलास का?”

“न्हाय बगला,” आई म्हणाली. “मी माझ्या बाजूला बगत व्हती.”

काकांनी टेम्पो कशेळीत वळवला. मामा अंगणात जाळं विणत बसले होते. आई उतरली, राम राम नाही, बसणं नाही, सरळ म्हणाली, “दादा, पत्रा सरकलाय. मागच्या अंगाचा.” मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग आभाळाकडे. आईने विमानातून पाहिलेलं सगळं एका दमात सांगितलं, बांधासकट. मामांनी जाळं बाजूला ठेवलं, शिडी लावली आणि वर चढले. बाबा खाली शिडी धरून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी उत्सुकता मी आमच्या विमानातसुद्धा पाहिली नव्हती.

वरून मामांचा आवाज आला, “सरकलाय रे!”

 बाबांनी आईकडे असं पाहिलं, जणू लग्नाला तीस वर्षं झाल्यावर एखाद्या माणसाला आपली बायको प्रथमच दिसावी. आईने पदर खोचला आणि ती भावजयीला चहा टाकायला मदत करायला आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. मामी चुलीवर आधण ठेवत होत्या. मी हळूच विचारलं, “मामी, पत्रा खरंच आता सरकला?”

“आता कुठं,” मामी साखरेचा डबा शोधत म्हणाल्या. “तो दरसाल सरकतो. चार वरसं झाली, तुज्या मामाला सांगतेय. तुज्या आईला पन ठावं हाय.”

आईने ऐकलं. तिने कपबश्या मांडल्या, एक बशी उचलून आधी मामांसाठी बाजूला काढली, आणि चहा उकळेपर्यंत दारातून खाडीकडे बघत उभी राहिली.